चौदा नंबरचा दगड

९ जानेवारी

पतसंस्थेने यंदा सभासदांना डायऱ्या वाटल्या. कागद इतका पातळ की लिहिलेलं मागच्या पानावर उमटतं. अध्यक्षांचा फोटो मात्र जाड कागदावर आहे. तरी वाया का घालवा. मोजणी खात्यात छत्तीस वर्षं लोकांचे बांध लिहिले, आता चार ओळी स्वतःच्या लिहू. वच्छला असती तर म्हणाली असती, "तुमचं सोताचं असं काय हाय लिवण्याजोगं?" तिला जाऊन मार्चात तीन वर्षं होतील.

घरात मी, रविराज आणि सून अपेक्षा. रविराजने कारेगावची नोकरी दिवाळीत सोडली. पर्मनंट करत नाहीत म्हणाला. आता सणसवाडीला कोणाबरोबर तरी प्लॉट भरून द्यायच्या कामात आहे. सकाळी सातला जातो तो दिवे लागल्यावर येतो. पोरगा कष्टाळू आहे. हे मी बाप म्हणून लिहीत नाही, गावही म्हणतं.

१६ जानेवारी

दोन वर्षांनी आज जाखाईच्या डोंगरावर गेलो. शेजारच्या साखरबाईच्या नातवाचं लग्न झालं, त्याची नवी बायको शितल दगड घेऊन निघाली होती. साखरबाई म्हणाली, "आप्पा, दम खात खात या, पर या." गेलो.

डोंगर म्हणायचं ते कौतुकाने. नकाशात सातशे बारा मीटर. पुण्याची पोरं मोटरसायकलवर येतात, अर्ध्या तासात वर पोचतात आणि "एवढंच?" म्हणून फोटो काढून जातात. पण आमच्या तिन्ही वाड्यांना, गोठणवाडीला, मांडववस्तीला आणि कोरेवाडीला, तो पुरतो. आमची रीत अशी की लग्न झालं की नवऱ्याने पायथ्याचा एक दगड निवडायचा आणि नवरीने तो डोक्यावर घेऊन वर जाखाईच्या पारावर ठेवायचा. पावसाने डोंगर झिजतो, तो सुनांनी भरून काढायचा. दगड जितका सरळ आणि घडीव, तितकं नवऱ्याचं नाव. ओबडधोबड नेला तर बाया वर्षभर टोमणे मारतात. शितलच्या नवऱ्याने फरशीच्या दुकानातून पॉलिश केलेला तुकडा आणला होता. हल्लीच्या पोरांना खाली वाकायला नको.

वच्छलेचा दगड पाराच्या उजव्या अंगाला तिसऱ्या थरात आहे. हातभर लांब, पोटरीएवढा जाड, डोकं गोल घडवलेलं. एक्क्याऐंशीच्या वैशाखातला. खुटबावची पोरगी, सपाटीवर वाढलेली, तरी वाटेत कुठे टेकवला नाही. त्या साली तसा दगड कोणाचाच नव्हता. मीच निवडला होता.

२८ जानेवारी

सकाळी मुक्ताबाई आली. डोंगराच्या दक्षिणेला, पायथ्याशी तिची एकटीची वस्ती आहे. शेळ्या राखते. ओट्यावर न बसता उभ्यानेच म्हणाली, "आप्पा, माझ्या वस्तीच्या वर पिवळं मशीन आलंय. झेंड्या रोवल्यात. शेरडं हाकलून दिली माझी. तुम्ही मोजणीतलं माणूस, तुम्हीच बघा."

पोपटराव सरपंचांकडे गेलो. चहा पाजला, तो गुळाचा. मग म्हणाले, "ती जागा गायरानाची हाय आप्पा. मुरूम काढायचा ठराव झालाय. कंपन्यांच्या प्लॉटला भराव लागतो, आपल्या गावाला रस्ता मिळतोय. तुम्ही ग्रामसभेला कवा येता म्हणून तुम्हाला म्हाईत न्हाई."

"ती जागा वनाची आहे," मी म्हणालो.

"दगड दाखवा की मग. हद्दीचं दगड असतील ना तिथं."

मनात म्हटलं, दाखवतो. पोपटरावांना मोजणी शिकवायची माझी अजून ताकद आहे.

३० जानेवारी

कोणी पुढेमागे वाचलंच तर कळावं म्हणून नीट लिहितो. डोंगर वनाचा, पायथा गायरानाचा. मधली हद्द दगडांनी दाखवलेली, प्रत्येकावर नंबर कोरलेला आणि डोक्याला चुना. दक्षिणेला ही हद्द सरळ नाही. अकरा नंबरपासून ती खाली बाक घेते, मुक्ताबाईच्या वस्तीपर्यंत येते आणि अठराला परत वर मिळते. त्या बाकात साधारण चाळीस एकर उतार आहे. मधले सहा दगड, बारा ते सतरा, जागेवर असतील तर उतार वनाचा. नसतील तर मशीनवाला अकरापासून अठरापर्यंत सरळ रेघ मारणार आणि चाळीस एकर गायरानात पडणार. सरकारी नकाशा घडीवर झिजून फाटलाय, आणि घडी नेमकी त्या बाकावरून जाते.

पण माझ्याकडे वही आहे. नोकरी लागण्याआधी, एक्क्याऐंशीच्या फेब्रुवारीत, याच डोंगराच्या मोजणीवर मी रोजंदारीने साखळी धरायला होतो. साहेबांचं बघून हौसेने सगळा बाक वहीत काढून ठेवला होता, अंतरांसकट. आज ट्रंकेतून काढली. अक्षर काय सुरेख होतं तेव्हा.

२ फेब्रुवारी

वनखात्याची नवी गार्ड आली, सुलक्षणा नावाची. पोरगी चुणचुणीत आहे, बूट मात्र नवे असल्याने लंगडत होती. ती, मी आणि मुक्ताबाई, दुपारपर्यंत वही घेऊन फिरलो. अकरा सापडला. अठरा सापडला. मधला एकही नाही. जिथे असायला हवेत तिथे घाणेरीची झुडपं.

माझं डोकं फिरलं. मुक्ताबाईला म्हणालो, "तुझ्या दारातलाच माल. चुलीला नाहीतर गोठ्याला लावले असशील." तिने पदराने तोंड पुसलं आणि शेळ्यांमागे गेली. चोर असा गप्पच बसतो.

सुलक्षणा म्हणाली, "आप्पा, चोवीस मार्चला तालुक्याला सुनावणी आहे. तुमची वही, आणि सहातला एक जरी दगड मिळाला ना, नुसता एक, तरी आपण थांबवू शकतो. पण दगड कुठून निघाला हे सांगणारा माणूस पाहिजे."

५ फेब्रुवारी

रविराज जेवताना आपणहून विचारत होता. एरवी माझ्या मोजणीच्या गप्पा सुरू झाल्या की ताट उचलतो. आज कुठला दगड कुठे होता, किती सापडले, किती नाहीत, सगळं नीट विचारून घेतलं. वहीपण बघितली. म्हणाला, "आप्पा, ही एवढी जुनी वस्तू, कलर झेरॉक्स काढून ठिवू. उद्या भिजली-बिजली तर?" उशिरा का होईना, पोराला बापाच्या कामाची किंमत कळली. बरं वाटलं.

अपेक्षा ताटं उचलताना म्हणाली, "आप्पा, वही घरात नका ठिवू. त्या गार्डबाईंकडं देऊन टाका." तिला ट्रंकेची जागा मोकळी हवी आहे, शिलाई मशीन ठेवायला. दिवाळीपासून चाललंय तिचं.

११ फेब्रुवारी

रविराजने झेरॉक्सला नेलेली वही परत आली. झेरॉक्सवाल्याचं मशीन बंद होतं म्हणे, उगाच सणसवाडीपर्यंत जाऊन आली. बाथरूममध्ये सगळीकडे तांबडी धूळ. रविराजचे कपडे भिजवले की बादलीभर तांबडं पाणी निघतं. अपेक्षा बिचारी घासत बसते आणि कोणाशी बोलत नाही.

१९ फेब्रुवारी

सुलक्षणाला दाखवायला वही उघडली तर बाकाचं पान नाही. आधीचं आहे, नंतरचं आहे. चाळीस वर्षांपूर्वीची शिलाई, दोरा कुजलेला. कुठेतरी गळून पडलं असणार. ट्रंक, माळा, गादीखाली, सगळीकडे पाहिलं. मीच वाऱ्याला बसून चाळत होतो त्या दिवशी उडालं असेल. म्हातारपण दुसरं काय असतं.

सुलक्षणा खूप वेळ शिलाईकडे बघत होती. मग म्हणाली, "वही कोणाकडे दिली होती का, आप्पा?" मी म्हणालो, घराबाहेर कोणाकडे नाही. खरंच आहे ते.

३ मार्च

आज जे झालं ते लिहायला हात वळत नाही.

मुक्ताबाई रस्त्यात भेटली. मी तोंड फिरवलं. तिनेच थांबवलं. म्हणाली, "आप्पा, येक बोलते, राग धरू नका. दगड म्या न्हाई काढलं. येक तर तुम्हीच काढला व्हता, पहारीनं. म्या तवा बारा वर्साची व्हते, चिंचंखाली शेरडं राखत व्हते. तुम्ही वढ्यात नेऊन चुना धुतला त्येचा. मग वयनींनी डोक्यावर घेतला. लई देखना दगड व्हता."

मी म्हणालो, तुला भास झाला असेल. म्हणाली, "व्हय, आसंल." आणि निघून गेली.

५ मार्च

वर गेलो. एकटाच. चार ठिकाणी बसावं लागलं. पारावर कोणी नव्हतं. वच्छलेच्या दगडाचं डोकं बाहेरच्या अंगाला आहे. किल्लीने शेंदूर खरवडला. चाळीस वर्षांच्या खपल्याच्या खपल्या निघाल्या. खाली आकडा. चौदा.

बाकीचेही तिथेच आहेत. बारा, तेरा, सतरा वाचता आले, आणखी दोन त्याच घडणीचे आहेत पण पार खाली दबलेत. तिन्ही गावांतल्या चांगल्या घरच्या नवऱ्यांनी आपापल्या बायकांसाठी निवडलेले. सरळ, घडीव दगड पायथ्याला दुसरे होतेच कुठे? कोणालाच काही वाटलं नसेल. त्यांना ते नुसते चांगले दगड दिसले.

मला मात्र माहीत होतं. फेब्रुवारीत त्याच दगडाला साखळी लावून मी वहीत चौदा लिहिलं होतं, आणि वैशाखात पहार घेऊन गेलो. एका दगडाने काय होतंय, असं वाटलं होतं. बायकोच्या डोक्यावर गावातला सगळ्यात देखणा दगड पाहिजे होता. मग छत्तीस वर्षं दुसऱ्यांनी बांध कोरला की नोटिसा लिहिल्या, आणि कोणी हसलं नाही.

६ मार्च

रविराजला सगळं सांगितलं. घरात दुसरं सांगायचं कोणाला? तो शांतपणे ऐकत होता. मग विचारलं, "आजून कुणाला बोल्लात का?" नाही म्हणालो. म्हणाला, "नका बोलू. सरकारी खूण हलवली, तीबी मोजणीतल्या माणसानं. पेन्शन थांबवतील आप्पा. आन् आईचा दगड पारातनं उपसून कोर्टात नेणार का? बाया काय म्हणतील? आईला काय वाटंल?"

त्याचे डोळे भरले होते. आईचं नाव निघालं की अजून भरतात त्याचे. पोरगा बापाची इतकी काळजी करतो, हे आजकाल कुठे बघायला मिळतं.

१४ मार्च

सुलक्षणाला पारावरच्या दगडांचं सांगितलं, मात्र माझं सोडून. ती पळतच वर जाऊन आली, मोबाईलवर फोटो काढले. म्हणाली, "झालं आप्पा, सुटलो. आता एकच. यातला कुठलातरी एक मूळ कुठे होता हे सांगणारा हवा. नाहीतर ते म्हणतील, कुठूनही आणून ठेवलेत." माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी म्हणालो, विचारून बघतो गावात.

गावात विचारलं. कोरेवाडीचे रखमाजी म्हणाले, आमच्या आबांनी ठेवला असेल, आबा तर गेले. साखरबाई म्हणाली, देवीचं देवीला. सगळ्यांचे खांदे एकदम उडाले. मीही त्यांच्यातलाच.

२४ मार्च

सुनावणी झाली. शिरूरला जायला रविराजने गाडी दिली, मित्राची. साहेब तरुण होते, घाईत होते. कंत्राटदाराचा वकील बोलला, त्याने नकाशा लावला. नवीन कागदावर सुबक काढलेला, अकरापासून अठरापर्यंत सरळ रेघ. आणि दक्षिणेला टिंबांनी एक बाक दाखवून शेजारी लिहिलेलं, 'जुनी कथित हद्द, जागेवर खूण नाही.' त्या बाकावरची अंतरं माझ्या वहीतली होती. एकशे दहा, सत्तर, एकशे पंचेचाळीस. ती आणखी कोणाकडे कशी असतील, हा विचार मनात आला आणि मी तो करायचा नाही असं ठरवलं. सर्व्हेवाल्यांकडे असतात असे कागद.

मुक्ताबाई उठली. "सायब, दगड तिथंच व्हतं. म्या लहानपनी त्येंच्यावर बसलेली हाय." साहेबांनी विचारलं, तुमच्याकडे काही कागद? ती म्हणाली, "न्हाई." वकील हसला नाही, नुसतं पान उलटलं.

मग साहेबांनी मला विचारलं. "तुम्ही खात्यातले. चौदा नंबरचा दगड पारावर आहे म्हणतात. तो मूळ कुठे होता, कोणी हलवला, तुम्हाला स्वतःला माहिती आहे?"

मुक्ताबाई माझ्याकडे बघत नव्हती. खाली आपल्या चपलांकडे बघत होती. ती चार शब्द बोलली असती तरी मी अडकलो असतो. बोलली नाही. मी बोलावं म्हणून वाट बघत होती.

मी म्हणालो, "ऐकीव आहे साहेब."

एवढंच. तीन शब्द. बाहेर आल्यावर सुलक्षणा पाण्याची बाटली घेऊन उभी होती. ती माझ्यासाठी आणली होती, पण द्यायची विसरली.

१२ एप्रिल

चैत्री पुनव, जाखाईची जत्रा. पोपटरावांनी स्पीकर लावून सांगितलं की पाराला कोणी हात लावणार नाही, देवीचे दगड देवीपाशीच राहतील. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. हात मोकळे होते.

वर्गणीदारांच्या फलकावर रविराजचं नाव पाचवं. एवढी मोठी देणगी कशाला, असं घरी म्हणालो. म्हणाला, "आईच्या नावानं दिली." अपेक्षा जत्रेला आली नाही. डोकं दुखतंय म्हणाली. महिनाभर दुखतंय तिचं.

२१ एप्रिल

खोदाई सुरू झाली. घरातली भांडी फळीवर वाजतात.

३० एप्रिल

मुक्ताबाईने शेळ्या विकल्या. चाराच राहिला नाही. कारेगावला भाचीकडे चालली आहे, तिथे कामगारांचे डबे करायला. निरोप घ्यायला सगळ्यांच्या दारात गेली, आमच्याही. मी आत होतो. अपेक्षाने तिला चोळीचा खण दिला आणि दोघी दारात उभ्या राहून रडल्या. यांची इतकी ओळख कधीची, कोण जाणे.

९ मे

आज वैशाखातली तीच तिथी, आमच्या लग्नाची. पहाटेच वर गेलो. पहार नेली होती. चौदा नंबर निघायला फार वेळ लागला नाही, वरचे दगड सैलच होते. ठरवलं होतं की जिथून काढला तिथेच नेऊन रोवायचा, चुना लावायचा, फोटो काढायचा आणि साहेबांना खरं लिहून द्यायचं. पेन्शन गेली तर जाऊ दे. चुन्याची पुडी खिशात होती. वच्छलेला म्हणालो, तुझा दगड नेतो, रागावू नको. पोत्यात घालून पाठीवर घेतला. ती वर नेताना थांबली नव्हती. मी खाली आणताना नऊ वेळा थांबलो.

वही नसली तरी जागा मला डोळे मिटून सापडली असती. चिंचेपासून सत्तर पावलं, ओढ्याच्या वळणाला. चिंच आहे. सत्तर पावलं मोजायला निघालो आणि एकतीसला थांबावं लागलं. पुढे जमीन नव्हती. दोन पुरुष खोल खड्डा, तांबडा. चौदा नंबरची जागा समोर हवेत होती, डंपरच्या टपाच्याही वर.

खाली उतारावर तो डंपर उभा होता, मागे सरकू बघत होता, आणि बिहारी ड्रायव्हर टायरला लावायला काही शोधत होता. माझं पोतं बघून वर आला. "क्या लाए हो चाचा? अरे, बढ़िया पत्थर है. एकदम सीधा. दे दो ना, टायर के नीचे लगाना है."

मी डंपरकडे बघितलं. नवा कोरा. कपाळावर झेंडूची माळ, आणि काचेवर मोठ्या पिवळ्या अक्षरांत, खाली मोगऱ्याच्या फुलाचं चित्र काढून, 'वच्छला अर्थमूव्हर्स, गोठणवाडी.' तिचं नाव ऱ्हस्वदीर्घ न चुकता. फुलही बरोबर. तिला मोगराच आवडायचा. हे घरातल्या तिघांशिवाय कोणाला माहीत नाही.

"मालिक कौन है?" मी विचारलं.

"रविराज सेठ. आप नहीं जानते? यहीं गाँव के हैं. बहुत अच्छे आदमी हैं, अपनी माँ के नाम से सब करते हैं."

मग वही, पान, तांबडं पाणी, अपेक्षाचं डोकं, सगळं एका रेघेत आलं. कुठला दगड कुठे नाही हे मीच त्याला ताटावर बसून सांगितलं होतं. शिव्या द्यायला तोंड उघडलं, पण त्याला काय देणार? मी एक नेला. त्याने बाकीचा डोंगर नेला. दोघांनीही तिच्याच नावाने.

ड्रायव्हर दगड घेऊन गेला. मी देऊ दिला. त्याने तो मागच्या चाकाखाली बसवला, पायाने ठोकून बघितला आणि मला हात दाखवला, की आता हलत नाही.

दुपारी जेवताना रविराज म्हणाला, "आप्पा, उन्हाचं कुठं गेलता? खांद्याला काय लागलं?" अपेक्षा भाकरी थापायची थांबली. मी म्हणालो, डोंगरावर, पाया पडायला. तो बरं म्हणाला आणि मला आणखी थोडी आमटी वाढली.